पाचव्या दिवसाची बालदी

सकाळी नऊ वाजता बेल वाजली. अहिल्याबाईंनी दार उघडलं तर बाहेर इमारतीचा पहारेकरी सिराजुद्दीन उभा. हातात पाना, कपाळावर काळं ग्रीस.

“अम्मा, आज नाली बंद है. एक बूँद पानी मत गिराना. नीचे पाइप खुला पड़ा है. ऊपर से जो गिरेगा, सीधा मिस्त्री के सर पे.”

“कब तक, सिराजभाई?”

“शाम तक. और जुहर के बाद मालिक का इंजिनिअर आएगा, सबका बाथरूम देखेगा. दोनों बाथरूम. लीकेज किसके घर से है, समझ में नहीं आ रहा.” एवढं सांगून तो वरच्या मजल्याकडे वळला.

रियाधच्या अल मलाझ भागातल्या या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अहिल्याबाईंची मुलगी सानिका राहत होती. ती सरकारी इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. जावई रणजित राबिघच्या रिफायनरीत. तो पंधरा दिवसांनी दोन दिवस येऊन जाई. नवरा गेल्यावर अहिल्याबाईंनी नाशिकचं घर बंद केलं आणि त्या व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आल्या, त्याला आता सहा महिने होत आले होते. एवढ्या दिवसांत त्यांनी रियाध पाहिलं ते गाडीच्या काचेतून. घराच्या गॅलरीला आधीच्या भाडेकरूने पत्रा ठोकून टाकला होता. स्वयंपाकघराची खिडकी चार भिंतींमधल्या अरुंद डक्टमध्ये उघडायची. तिथून आभाळ बघायचं तर मान मोडेल. बाहेर ऑगस्टचं ऊन, सेहेचाळीस अंश. अरबी येत नाही, रस्ते माहीत नाहीत. सानिका सहाला निघताना दार ओढून घेई. तो खटका झाला की दिवस सुरू होई, आणि मग चार वाजेपर्यंत जागचा हलत नसे.

चार वाजता अफशाँ यायची. समोरच्या फ्लॅटमधली, बारा वर्षांची. तिचे वडील बदरुद्दीन मूळचे हर्णैचे, इथे मसाल्यांचा व्यापार करत. आई रुकय्या, धाकटा भाऊ झयान. यंदा सुट्टीत त्यांचं गावी जाणं झालं नव्हतं, म्हणून मुलगी घरात अडकलेली, आणि समोर अहिल्याबाई अडकलेल्या. मार्चमध्ये एकदा अफशाँ अपूर्णांकांचं एक गणित घेऊन आली होती, ती मग रोजच यायला लागली. तिला उत्तर सांगितलेलं आवडत नसे. “आजी, थांबा ना, मला आधी चुकू द्या,” म्हणायची. अहिल्याबाईंनी आयुष्यात पुष्कळ मुलं शिकवली होती; असं म्हणणारं पोर त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

सिराजुद्दीन गेल्यावर त्या रणजितची बाथरूम बघायला गेल्या. तो नसला की ती बंदच असे. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यावरच थबकल्या.

वास.

ताज्या पावाचा, चुरडलेल्या फळाचा, आणि खाली थोडा तिखट, नाकाच्या आत टोचणारा. हा वास त्यांनी वीस वर्षं रोज घेतला होता. आधी काही वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि नंतर नाशिकजवळच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत काम केलं. डोळे बांधून कुणी त्यांना या दारात उभं केलं असतं, तरी त्यांनी सांगितलं असतं: चौथा किंवा पाचवा दिवस.

टबमध्ये निळी मोठी बालदी होती, तोंडाला पांढरा कपडा बांधलेला. त्यांनी गाठ सोडली. वर काळ्या सालींचा जाड थर आला होता, आणि त्याच्या कडेने जांभळा फेस बारीक आवाज करत फुटत होता. बाजूला लाकडी उलथनं, शाळेच्या सायन्स किटमधला थर्मामीटर आणि वहीचं पान. त्यावर अफशाँच्या सुबक अक्षरात: पहिला दिवस, २५ अंश, काही नाही. दुसरा दिवस, २५, काही नाही. तिसरा दिवस, २७, बुडबुडे!!! चौथा दिवस, २९. रोज दोनदा, आल्यावर आणि जाताना, साली खाली ढकलल्या.

अहिल्याबाई टबच्या काठावर बसल्या. इथे असल्या बालदीला काय म्हणतात आणि ती ज्याच्या घरात सापडते त्याचं काय होतं, हे त्यांना सानिकाने पहिल्याच दिवशी विमानतळावरून येताना सांगितलं होतं. घर सानिकाच्या नावावर. नोकरी, इकामा म्हणजे राहायचा परवाना, सगळं खलास. आणि तुरुंग वेगळाच. पोरीचं नाव निघालं तर बदरुद्दीनचंही तेच. माणसं जुहरनंतर, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर येणार होती. हातात फार तर साडेतीन तास.

बालदी ओतून द्यावी तर नाली बंद. जांभळं पाणी थेट खाली मिस्त्रीच्या डोक्यावर. खाली न्यावी तर लिफ्टसमोरच माणसं काम करत बसलेली, आणि वास झाकणाखाली राहणारा नव्हता.

त्यांनी सानिकाला फोन लावला. चौथ्या खेपेला तिने उचलला.

“आई, दोन केसेसच्या मध्ये आहे. अर्जंट आहे का?”

अहिल्याबाईंनी बालदीकडे पाहिलं. ती आत्ता घाबरली तर तिच्या टेबलावरच्या माणसाचं काय? आणि असलं काही फोनवर बोलायचं तरी कसं?

“नाही गं. डबा खाल्लास का विचारायला केला.”

“आई!” म्हणून सानिकाने फोन ठेवला.

त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. अफशाँनेच उघडलं. “अम्मी झयानला घेऊन डेंटिस्टकडे गेलीय,” ती म्हणाली, आणि मग आजींचा चेहरा बघून एक पाऊल मागे सरली.

“चल,” अहिल्याबाई म्हणाल्या. “तुझा प्रयोग बघितला मी.”

बाथरूमच्या दारात उभं राहून अफशाँ रडायला लागली. “मी चाखलं नाही आजी. अल्ला कसम, एक थेंबसुद्धा नाही. मला फक्त बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, बाहेरून काही घालावं लागत नाही, सालीवरच सगळं असतं. मला वाटलं, इट कान्ट बी ट्रू.”

“द्राक्षं कुठून आणलीस?”

“अब्बांनी ताइफच्या दोन पेट्या आणल्या होत्या. अम्मीला सांगितलं, एक तुम्हाला दिली.”

“आणि ठेवलीस इथे?”

“तुम्ही आत चहा करत होता तेव्हा आणलं. आमच्याकडे अम्मी एसी बंद करते. तुम्ही सांगितलं होतं, फार तापलं तर बिघडतं.”

सांगितलं होतं खरं. अहिल्याबाईंना तो आठवडा आठवला. भूगोलाच्या पुस्तकात भूमध्य समुद्राकाठच्या हवामानाचा धडा होता: कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, द्राक्षं, ऑलिव्ह, संत्री. एवढीच ओळ. अफशाँने विचारलं, “एवढी द्राक्षं करतात काय ते?” आणि अहिल्याबाईंना प्रश्न अर्धा सोडता येत नसे.

वायनरीने त्यांना एका हंगामासाठी दक्षिण फ्रान्सला, बांदोलला पाठवलं होतं. त्यांनी अफशाँला वहीत डोंगर काढून दाखवला. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, पायरीपायरीवर वेली, आणि खाली निळा समुद्र. तिथलं द्राक्ष मूर्वेद्र नावाचं, लहान मण्याचं, जाड सालीचं. ते हट्टी, सगळ्यांच्या मागून पिकतं. पाय पाण्यात आणि डोकं उन्हात असलं की खूश, असं तिथले म्हातारे म्हणायचे, म्हणून त्याला समुद्र दिसायला हवा. द्राक्षं हाताने खुडायची, लहान क्रेटमध्ये, म्हणजे आपल्याच भाराने चिरडणार नाहीत. मग देठ काढायचे, मणी फोडायचे आणि सालीसकट टाकीत भरायचे. रंग रसात नसतोच, तो सालीत असतो. एक-दोन दिवस काही होत नाही. मग सालीवरचे डोळ्यांना न दिसणारे जीव जागे होतात, साखर खातात, टाकी ऊब धरते, बुडबुडे येतात आणि साली वर ढकलल्या जातात. त्या वर राहिल्या तर सुकतात, बिघडतात; म्हणून रोज खाली ढकलायच्या. दोन-तीन आठवड्यांनी रस काढून घ्यायचा, चोथा दाबायचा. आणि मग माणसाहून उंच, जुन्या ओकच्या पिंपात बंद. किमान अठरा महिने.

“अठरा महिने बंद?” अफशाँने तेव्हा डोळे मोठे केले होते. “आत काय करतं ते?”

“शांत होतं. सुरुवातीला इतकं तुरट असतं की जीभ सुकते.”

शेवटी त्यांनी बजावलं होतं, की हे नुसतं ऐकायचं. पण हे पोर कानांनी नाही, हातांनी ऐकतं, हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

“रडू नकोस,” त्या आता म्हणाल्या. “तुझी चूक आहेच. पण शिकवलं मी. आधी हे निस्तरू. सांग, ओतता येत नाही, लपवता येत नाही, बाहेर नेता येत नाही. मग काय करता येईल?”

अफशाँने नाक पुसलं. “उकळता येईल? तुम्ही म्हणाला होता, ते पाण्याच्या आधी उडून जातं.”

“चल मग.”

मोरीत पाणी सांडायचं नव्हतं म्हणून त्यांनी बाथरूमच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरली आणि जुनं सुती लुगडं मोठ्या पातेल्यावर ताणलं. अफशाँने मगाने ओतायचं, अहिल्याबाईंनी पिळायचं. रस गडद, जवळजवळ काळा. हात मनगटापर्यंत जांभळे झाले. पिळता पिळता त्यांचा अंगठा सवयीने ओठाकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी सरळ चमच्याने थोडा घेतला, तोंडात फिरवला आणि कागदी रुमालात थुंकून टाकला.

अफशाँ बघत होती. “कसं झालंय?”

खोटं बोलणं सोपं होतं. बिघडलंय म्हटलं असतं तर पोरीचा त्यातला जीव कदाचित उडाला असता.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. “साली नीट ढकलल्यास. काल थोडं जास्त तापलं, दोन अंश. पण फार चांगलं झालंय.”

अफशाँचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच पडला.

चोथा दोन पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये मटाराच्या मागे गेला. रस चार पातेल्यांत, चारही शेगड्या मोठ्या आचेवर. धुराचा पंखा लावला आणि अहिल्याबाईंच्या ध्यानात आलं: पंख्याची हवा डक्टमध्ये जाते, आणि डक्टच्या तळाशीच मिस्त्री बसलेत. उकळी यायच्या आत पहिली वाफ निघाली, तिचा वास तर उघडउघड सांगणारा. पंखा बंद केला तर तोच वास घरभर, आणि इंजिनिअर घरातच येणार. त्यांनी डबे काढले. दालचिनी, लवंगा, वेलदोडे, सुंठ; जे हाताला लागलं ते मूठमूठ टाकलं. अर्धा किलो साखर. खालून कुणीतरी हिंदीत ओरडलं, “अरे, किसके घर शादी है?” आणि दोघेतिघे हसले. अफशाँने आजींचा पदर घट्ट धरला.

“ढवळ,” अहिल्याबाई म्हणाल्या. “तळाशी लागू देऊ नकोस. आणि मला सांग, आधी काय उडतंय?”

“अल्कोहोल.”

“किती अंशाला?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“आणि पाणी?”

“शंभर. आजी, आत्ता पण शिकवणार?”

“मग काय करू? मला दुसरं काही येत नाही.”

दोन तास दोघी ढवळत होत्या. खिडकी बंद, एसीला दम नाही, घामाने कपडे अंगाला चिकटलेले. बाराला अजान झाली. रस आटून निम्म्याहून कमी झाला, मग घट्ट व्हायला लागला, काकवीसारखा. चार पातेल्यांचं एक झालं. बालदी पुसून पुसून कोरडी केली आणि तिच्यात कपडे भरले. डागाळलेले कागद पिशवीत गेले. रणजितच्या बाथरूममध्ये अत्तराची फवाऱ्याची बाटली अर्धी रिकामी केली.

“आजी, आता हे खाल्लं तर चालेल?” अफशाँने हळूच विचारलं. “आता त्यात काही नाहीये ना?”

“नसल्यासारखंच आहे. मला रसायन माहीत आहे, बाळा. पण तुमच्यात ते चालतं की नाही, हे ठरवणारी मी नाही. तुझी अम्मी व्हिनेगरची बाटलीसुद्धा लेबल वाचून घेते.”

एक वाजून गेल्यावर बेल वाजली.

सिराजुद्दीन आणि इंजिनिअर. इंजिनिअर इजिप्तचा, साठीला टेकलेला, जाड चष्मा, हातात टॉर्च. सलाम करून त्याने चपला बाहेर काढल्या. सानिकाची बाथरूम पाहिली. रणजितची पाहिली. टबच्या कडेला वाकून त्याने बराच वेळ टॉर्च मारला. अहिल्याबाईंना बालदीतल्या टॉवेलचं टोक दिसत होतं आणि दुसरं काहीच दिसत नव्हतं. अफशाँ भिंतीला चिकटून उभी होती. इंजिनिअर उठला, मान हलवली. इथे गळती नव्हती.

दाराकडे जाताना तो स्वयंपाकघरापाशी थांबला. नाक वर केलं. चेहरा एकदम मऊ झाला आणि तो सिराजुद्दीनला अरबीत भराभर काहीतरी म्हणाला.

“पूछ रहे हैं, अंगूर का शीरा है क्या, गाढ़ी चाशनी,” सिराजुद्दीन म्हणाला. “दिब्स बोलते हैं. इनकी माँ बनाती थी गाँव में. बोलते हैं चालीस साल हो गए. एक चम्मच माँग रहे हैं अम्मा.”

इंजिनिअर लहान मुलासारखा एक बोट वर करून हसत होता.

चमचा समोरच होता. एक चमचा दिला असता तर तो समाधानाने चाटून, दुवा देऊन निघून गेला असता, आणि सगळं मिटलं असतं. नाही म्हटलं तर का नाही? एवढं मोठं पातेलं भरलेलं, आणि दारी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला चमचाभर नाही? अहिल्याबाईंनी भिंतीकडे पाहिलं. अफशाँ त्यांच्याकडेच बघत होती. गणिताची पुढची पायरी काय येते ते बघताना बघायची, तशीच.

“सिराजभाई,” अहिल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चमचा बाजूला सारला. “ये इनके खाने का नहीं है. आपके भी नहीं. इसमें खमीर उठ गया था. पाँच दिन. मैंने उबाल दिया है, लेकिन बिना बताए मैं किसी मुसलमान को नहीं खिलाऊँगी.”

सिराजुद्दीनचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्याने पातेल्याकडे पाहिलं. अहिल्याबाईंच्या जांभळ्या नखांकडे पाहिलं. पोरीकडे पाहिलं. इंजिनिअरने त्याच्याकडे वळून काहीतरी विचारलं.

फ्रिजची मोटर सुरू झाली.

मग सिराजुद्दीन अरबीत दोन-तीन शब्द बोलला. इंजिनिअरने “आह” केलं, हळहळल्यासारखी जीभ टाळ्याला लावली, छातीवर हात ठेवून अहिल्याबाईंना काहीतरी चांगलं म्हणाला आणि चपला घालून चौथ्या मजल्याकडे निघाला. “यल्ला, चलिए,” सिराजुद्दीन त्याच्यामागे जाताना म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तो तासाभराने एकटा परत आला. उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही.

“मैंने बोला जल गया है, कड़वा हो गया. झूठ मेरे सर पे आया.” तो हळू बोलत होता, पण शब्द दाताखाली दाबून. “अम्मा, आपको मालूम है ना ये कौन सी जगह है? मेरी चौदह साल की नौकरी है. चार बच्चे हैं. आपने मुझे क्यों बताया?”

“नहीं बताती तो आप खा लेते.”

त्याने जिन्याकडे एक नजर टाकली. “अभी मिस्त्री लोग खाना खाने गए हैं,” तो म्हणाला. “पीछे खाली प्लॉट है, रेत है. अभी के अभी. मैं हाथ नहीं लगाऊँगा. लिफ्ट पकड़ूँगा, बस.”

अहिल्याबाईंनी पातेलं उचललं, अफशाँने चोथ्याच्या पिशव्या. सिराजुद्दीनने लिफ्टचं दार धरलं, मग खालचं, मग मागचं लोखंडी. बाहेरचं ऊन अंगावर भिंतीसारखं आलं. सहा महिन्यांत त्या पहिल्यांदा गाडीशिवाय रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात पातेलं कलतं केलं. काळा पाक दोरीसारखा खाली उतरला आणि वाळूने तो पिऊन टाकला. वर फक्त लवंगा राहिल्या. अफशाँने पायाने वाळू ओढली, गोठलेला चोथा तिच्याखाली लोटला, पुन्हा वाळू ओढली.

“अफशाँ?”

रस्त्यावर टॅक्सी थांबली होती. रुकय्या झयानचा हात धरून उभी. तिच्या नजरेत पातेलं, जांभळे हात, आणि खाली मान घातलेला सिराजुद्दीन.

“काकू, या उन्हात काय करताय? काय पुरताय?”

अहिल्याबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी अफशाँ बोलली. “अम्मी, मी द्राक्षांचा रस आंबवला. आजींच्या बाथरूममध्ये. त्यांना माहीत नव्हतं. तुला सांगितलेली पेटी, ती मी आजींना दिली नव्हती.”

“शिकवलं मी,” अहिल्याबाई म्हणाल्या.

रुकय्याने एकदा वाळूकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. “तुमच्यावर भरवसा ठेवून पाठवली होती हिला,” ती एवढंच म्हणाली. मग झयानला कडेवर घेतलं, अफशाँचं मनगट धरलं आणि निघाली. लिफ्टमध्ये सगळे एकत्रच चढले. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं बंद झाली.

संध्याकाळी अहिल्याबाईंनी सानिकाला सगळं सांगितलं. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, “आई, तुला तिकीट काढून देऊ का नाशिकचं?”

दुसऱ्या दिवशी चार वाजले. बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अहिल्याबाई पत्र्याच्या गॅलरीत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. समोरून झयानचं रडणं ऐकू येई, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. त्या दाराच्या भोकाला डोळा लावून बघत. रिकामा जिना दिसे. आपण इंजिनिअरला चमचा दिला असता तर, हा विचार त्यांनी एकदा पूर्ण करून पाहिला. चार वाजले असते, बेल वाजली असती, पोरगी समोर बसली असती, आणि तिला काय शिकवायचं ते त्यांना सुचलं नसतं.

पाचव्या दिवशी चारला बेल वाजली. दारात अफशाँ, आणि तिच्यामागे रुकय्या, हातात लसणाची परडी.

“हिचं गणित मागे पडतंय,” रुकय्या म्हणाली. आवाज कोरडा. “मी बसणार इथे. फक्त गणित, काकू.”

“फक्त गणित,” अहिल्याबाई म्हणाल्या.

रुकय्या सोफ्यावर लसूण सोलत बसली. टेबलावर दशांश अपूर्णांक चालले. अफशाँ प्रश्न विचारायला तोंड उघडे आणि आईकडे बघून मिटे. अहिल्याबाईही वाक्यं मोजून बोलत होत्या, समजावताना फळांची उदाहरणं टाळत होत्या, पेन्सिली आणि वह्या घेत होत्या. खोली आधीपेक्षा लहान वाटत होती. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी गणित मध्यावर असताना रुकय्याचा हात थांबला.

“काकू,” ती परडीकडे बघत म्हणाली, “ही म्हणते तुमच्या त्या वेली समुद्रावरच होत्या. अगदी समोर. खरं?”

अफशाँने पेन्सिल खाली ठेवली. अहिल्याबाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली.

“नाही, मला ते बाकीचं नको. पण आमच्या हर्णैला खारा वारा सुटला की आंब्याचा मोहर करपून जातो. माझ्या अब्बांची दोन कलमं होती बंदराकडे, कधी धरली नाहीत. मग तिकडची द्राक्षं कशी धरतात?”

अहिल्याबाईंनी वहीचं कोरं पान ओढून घेतलं आणि त्यावर किनाऱ्याची रेघ काढली.

“आधी तू मला सांग,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे तो वारा कुठल्या महिन्यात येतो, आणि कुठून?”

रुकय्या परडी खाली ठेवून टेबलापाशी आली.